शरदातले बेगल : फोंड्याच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. दिवाळीला येते आहे. भाऊबीजेला दादाबरोबर आमच्याकडे गोव्यात फोंड्याला येईल. बोलता बोलता म्हणाली, "आत्या, इथं आता सगळीकडे भोपळा आणि दालचिनी सुरू झालंय. बेकरीचं दार उघडलं की तोच वास. पण दर वेळी मनात येतं, जायफळ काय, लवंग काय, आपल्याकडे झाडाला लागतं. तू करून बघ ना तसे बेगल."

हातात पंचवीस दिवस आहेत. करायचेच, आणि नोंदी ठेवून करायचे. नियम दोन. प्रत्येक गोष्ट काट्यावर मोजायची, वाटी-चमच्यावर जायचं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली ते कळेल.

बेगल म्हणजे कड्याच्या आकाराचा, चिवट, चकचकीत सालीचा पाव. आधी उकळत्या पाण्यातून काढायचा आणि मग भाजायचा, हे त्याचं वेगळेपण. पोलंडच्या ज्यूंचा हा पदार्थ. १६१० सालच्या क्राकूवमधल्या ज्यू समाजाच्या नियमांत बाळंतिणीला बेगल भेट देण्याचा उल्लेख येतो. तिथून स्थलांतरितांबरोबर तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथलाच होऊन बसला.

३० सप्टेंबर, मंगळवार. घाणा पहिला

मसाला नाही, भोपळा नाही. नुसता साधा बेगल जमतो का ते आधी बघायचं होतं.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी २७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कोरडं यीस्ट ५ ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. पीठ पुरीच्या कणकेहून घट्ट. ओट्यावर बारा मिनिटं मळल्यावर मनगट भरून आलं. तासाभरात पीठ दुप्पट झालं, कारण स्वयंपाकघरात ३१ अंश होते. आठ कडी वळली, उकळत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी ४५-४५ सेकंद, मग ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) २२० अंशांवर वीस मिनिटं.

दिसायला बरे. पण तोडला तर आतून अगदी पावासारखा मऊ आणि भुसभुशीत. दाताखाली जो ताण यायला हवा तो नाही. दुपारपर्यंत सालही सुरकुतली.

कारण मैद्याच्या पाकिटावरच छापलेलं आहे, १०० ग्रॅमला प्रथिनं १०.५ ग्रॅम. बेगलच्या पिठात ती १३-१४ लागतात. गव्हातली ही प्रथिनं पाणी आणि मळणी मिळाली की ग्लूटेनचं जाळं विणतात, आणि बेगलचा चिवटपणा सगळा त्या जाळ्यावर. आपला मैदा नानकटाईला चांगला, इथे तो कमी पडतो. सुटं ग्लूटेन पावडरीच्या रूपात मिळतं, ते मागवलं. पावडरीत सुमारे ७५ टक्के प्रथिनं आहेत. ५०० ग्रॅम मैद्यात २० ग्रॅम घातली तर हिशेब १३ टक्क्यांवर येतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा, काम बंद. आज जावेच्या माहेरी सावईला गेले होते. त्यांचं कुळागर आहे. वर माड आणि पोफळी, पोफळींना चढलेल्या मिरवेली, खाली केळी, मध्येच जायफळ आणि दालचिनी, आणि डोंगरातल्या झरीचं पाणी पाटांनी सगळीकडे फिरवलेलं. दुपारी बारा वाजताही आत ऊन कवडशांनीच येतं.

जाऊबाईंच्या आईंनी माळ्यावरून सुपात घालून जायफळं आणली. पावसाळ्यात उतरवलेली, चुलीच्या धगीवर सुकवलेली. एक कानाशी धरून हलवायला सांगितलं. आत बी खुळखुळ वाजलं. "वाजलं म्हणजे सुकलं," त्या म्हणाल्या. कवचावर अडकित्त्याचा हलका दाब दिला, ते तडकलं आणि आतून राखाडी-तपकिरी, रेघारेघांची बी निघाली. नखानं थोडी खरवडली तर बोटाला तेल लागलं. दुकानातल्या जायफळाच्या पुडीत हे तेल कधीच उडून गेलेलं असतं. बीवरची जाळी म्हणजे जायपत्री. ताजी असते तेव्हा लालभडक, सुकली की केशरी-पिवळट. एकाच फळातून दोन मसाले, आणि वरच्या जाड सालीचं लोणचं.

दहा जायफळं, मूठभर जायपत्री, दालचिनीची साल आणि लवंगा घेऊन आले. परदेशी कृतींत 'ऑलस्पाइस' असतो. तो वेस्ट इंडीजकडच्या एका झाडाच्या कच्च्या, सुकवलेल्या फळांचा मसाला. त्याला लवंग, दालचिनी, जायफळ तिन्हींची झाक असते. ती तिन्ही घरात आहेत, तेव्हा तो वगळला.

५ ऑक्टोबर, रविवार. घाणा दुसरा

ग्लूटेनची दुरुस्ती सोडली तर आजचा बदल फक्त मसाल्याचा, भोपळा अजून नाही. ग्लूटेन घातलंय, त्यानं पाणी जास्त प्यायलं म्हणून पाणी २८५ ग्रॅम. मसाला तिकडच्या प्रमाणात : दालचिनी १० ग्रॅम, सुंठ ३, लवंग २, जायफळ १. सगळं घरी कुटलेलं.

मळताना घर वासानं भरून गेलं. पण पीठ हलेना. ज्या गरमीत साधं पीठ तासात दुप्पट झालं होतं, त्याच गरमीत दोन तास झाले तरी ते जेमतेम दीडपट. आधी यीस्टवर संशय आला, म्हणून त्याच पाकिटातलं थोडं कोमट गूळपाण्यात टाकलं. दहा मिनिटांत फेस आला. यीस्ट जिवंत होतं.

अडवत होती ती दालचिनी. तिच्या तेलातला सिनॅमाल्डिहाइड बुरशी रोखतो, आणि यीस्ट म्हणजे बुरशीच्याच कुळातला जीव. लवंगेतलं युजेनॉलही तेच करतं. ताज्या मसाल्यात तेल जास्त, म्हणून मार जास्त. बाटलीतल्या जुन्या भुकटीला धरून लिहिलेलं प्रमाण कुळागरातल्या दालचिनीला लावलं, चूक तिथे झाली.

भाजून झाल्यावर बेगल जड, पण चिवटपणा आला होता. तोडताना ओढावा लागला, पापुद्रे ताणले जाऊन तुटले. म्हणजे ग्लूटेनचा हिशेब बरोबर आहे.

सासूबाईंनी अर्धा खाल्ला आणि पाणी मागितलं. म्हणाल्या, "चव आहे गं, पण शरदात एवढं उष्ण कशाला? आधीच पित्ताचे दिवस." हे मला लागून राहिलं. तिकडे शरद म्हणजे थंडीची चाहूल, म्हणून त्यांना सुंठ-दालचिनीची ऊब हवीशी वाटते. आपल्याकडे पाऊस ओसरतो आणि ऊन अंगावर येतं. ऋतूचं नाव तेच, अंगाला लागणारी हवा उलटी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागरी. रात्री गच्चीवर दूध आटवलं. वेलची, केशर, चारोळी घातली आणि शेवटी जायफळ किसून घातलं. पेला तोंडाला लावला आणि तिथेच थांबले.

शरदाचा मसाला आपल्याकडे आहेच की! शरद पौर्णिमेच्या दुधात तो किती पिढ्या पडतोय. त्यात दालचिनी नाही, सुंठ नाही. पुढे आहे जायफळ आणि वेलची. आणि मी बसले होते दुसऱ्यांच्या शरदाचं प्रमाण उतरवून घेत.

आज नवीन मिश्रण ठरवलं, ५०० ग्रॅम मैद्याला : जायफळ २ ग्रॅम, वेलची १.५, जायपत्री अर्धा, लवंग पाव ग्रॅम, दालचिनी २. सुंठ नाही. एक जायफळ साधारण ५ ग्रॅम भरतं, तेव्हा आठ बेगलांत मिळून अर्ध्याहूनही कमी. याच्यापुढे जायफळ वाढवायचं नाही. ते जास्त झालं की कडवट लागतं आणि डोकं जड होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. भोपळा

लाल भोपळ्यात दहातले नऊ भाग पाणी. तसाच घातला तर बेगलचं घट्ट पीठ मोडणार. फोडी वाफवल्या (पाण्यात शिजवल्या नाहीत), पंचात बांधून दोन तास टांगल्या, मग कढईत मंद आचेवर आटवल्या. ३०० ग्रॅम गराचा १५० ग्रॅम होईपर्यंत. शेवटी तो कढईच्या मध्ये गोळा होतो आणि उलथन्यामागे तळाची रेघ स्वच्छ उरते, हलव्यासारखी. खूण तीच धरली.

आटवलेल्या गरातही अजून बरंच पाणी आहे, मी १२० ग्रॅम धरते. म्हणून पिठात वेगळं पाणी १६५ ग्रॅमच. बेरीज २८५, म्हणजे पूर्वीइतकंच.

गुळाच्या जागी माडाचा गूळ. काळपट, धुरकट वासाचा, आपल्याकडे सुरेपासून, म्हणजे माडाच्या रसापासून, करतात तो. न्यूयॉर्कला उकळत्या पाण्यात जवाचं मॉल्ट घालतात, माँट्रियलला मध. मी पिठात २५ ग्रॅम आणि उकळीच्या पाण्यात एक मोठा खडा, हा माडाचाच गूळ घालणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. घाणा तिसरा

काल संध्याकाळी पीठ मळलं. या वेळी यीस्ट ३ ग्रॅमच आणि पाणी फ्रिजमधलं गार. आमच्या हवेला तेवढं पुरे. मसाला बदलल्यावर पीठ व्यवस्थित फुगलं, सव्वा तासात. कडी वळून तेल लावलेल्या ताटांत ठेवली आणि रात्रभरासाठी फ्रिजमध्ये. गारव्यात यीस्ट सावकाश चालतं, चव मुरते आणि सालीवर ते बारीक फोड येतात जे चांगल्या बेगलची ओळख मानतात.

नऊ वाजता ढगांचा गडगडाट आणि लाईट गेली. परतीच्या पावसात हे होतंच. पहाटे दीडला आली. मध्ये घरातल्यांनी गार पाण्यासाठी फ्रिज चार वेळा उघडला, कुणाला काय ठाऊक आत काय चाललंय.

सकाळी बघते तर कडी फुगून एकमेकांना चिकटलेली, भोकं बुजलेली. बोट लावलं तर खळगा पडला तो वर आलाच नाही. तरी पाण्यात सोडले. आत वारा जास्त, जाळं थकलेलं. पाण्याबाहेर काढताच एकेक सुरकुतत खाली बसला, कातडी सुटल्यासारखा. मला फार वाईट वाटलं. दोन दिवसांचा भोपळा होता त्यात.

टाकले नाहीत. भाजून, गार करून पातळ काप केले आणि १२० अंशांवर तासभर वाळवले. खुटखुटीत झाले. सासूबाईंनी चहात बुडवून चार खाल्ले आणि म्हणाल्या, "ही तर काकणं!"

१४ ऑक्टोबर, मंगळवार

त्या एका शब्दापायी आज वाड्यावरच्या पोदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे, गेले. काकण म्हणजे पोदेराचा कड्याच्या आकाराचा खुटखुटीत पाव, चहात बुडवून खायचा. गोव्यात वाढलेल्या कुणालाही बेगल दाखवा, त्याला आधी काकणच आठवेल. पोय, उंडो, कात्रे पाव, काकण, हे सगळं पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पावाचं गोव्यात रुजलेलं कुटुंब. पाव, पोदेर, फोर्न (भट्टी) हे शब्दही पोर्तुगीजच. यीस्ट नव्हतं तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवत. माझ्या उकळीच्या पाण्यातला गूळही त्याच सुरेचा, हे तिथे उभी असताना लक्षात आलं.

संध्याकाळचा घाणा निघाला होता. फोर्नाच्या तोंडाशी उभं राहिलं की चेहरा तापतो, आणि आतून भाजलेल्या कोंड्याचा वास येतो, पोयीचा. मी कडी उकळून भाजते म्हटल्यावर पोदेरबाब हात थांबवून बघायला लागले. "उदकांत घालून मागीर भाजप? मागीर तीं खुटखुटीत कशीं जातलीं?" पाण्यात घालून मग भाजायचं, तर ती खुटखुटीत कशी होणार?

प्रश्न अगदी बरोबर होता. काकण खुटखुटीत व्हायला आतला ओलावा पूर्ण जावा लागतो, म्हणून ते ती शेवटी, फोर्न उतरल्यावर घालतात आणि बराच वेळ ठेवतात. बेगलचं उलटं. उकळीत वरच्या थरातला स्टार्च फुगून त्याची खळ होते. ही खळ भट्टीत शिरताच घट्ट बसते, पीठ मोठं फुगू देत नाही आणि आतला ओलावा धरून ठेवते. साल चकाकते ती त्यामुळे, आत दाट आणि चिवट राहतो तोही त्यामुळेच. आकार एकच, पण एक पाणी घालवून होतो आणि दुसरा पाणी कोंडून.

माझ्या बेगलांचे तळ पांढरे राहतात हे सांगितलं. त्यांनी ओटीजीचं ऐकून मान हलवली. त्यांचा पाव थेट तापलेल्या दगडी जमिनीवर बसतो, पत्र्याच्या ट्रेवर नाही. "सकयल हून जाय," एवढंच म्हणाले. खाली ताप हवा.

घरी बिडाचा जाड तवा आहे. तो उपडा ठेवून बघणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार. घाणा चौथा

मैदा ५००, ग्लूटेन २०, भोपळ्याचा गर १५०, पाणी १६५, मीठ १०, यीस्ट ३, माडाचा गूळ २५, मसाला ७ तारखेचा. काल संध्याकाळी पंधरा मिनिटं मळलं, बोटांत ताणलं तर पापुद्रा न फाटता पलीकडचा उजेड दिसला. ११० ग्रॅमचे आठ गोळे.

वळण्याच्या दोन रीती आहेत. गोळ्यात बोट घालून भोक पाडायचं किंवा दोरी वळून टोकं जोडायची. आतापर्यंत भोक पाडत होते, ते सोपं आहे. या वेळी दोरी वळली, वीतभर लांब, टोकं एकावर एक चढवून तळव्याखाली ओट्यावर दाबून फिरवली. सांध्यावर अगदी थोडं पाणी. पीठ दोरीच्या दिशेनं ताणलं जातं, त्यानं चावताना फरक पडतो, हे आज दाताला कळलं. भोक दोन-अडीच इंच ठेवलं, निम्मं तर फुगताना आणि उकळताना बुजतंच.

फ्रिज रात्री कुणी उघडायचा नाही असं सांगून ठेवलं होतं. पाण्याचा माठ आधीच भरून ठेवला.

सकाळी तरंगण्याची चाचणी. वाडग्यात साधं पाणी घेऊन एक कडं सोडलं. ते तळाला गेलं आणि तिथेच बसलं. अजून कच्चं. बाहेर ओट्यावर ठेवलं. वीस मिनिटांनी पुन्हा सोडलं तर ते एका अंगानं उचललं गेलं, कलंडलं, क्षणभर तसंच राहिलं आणि मग हळूच वर येऊन तरंगायला लागलं. मी तिथे एकटीच होते, तरी मोठ्यानं "आलं!" म्हणाले.

उकळीच्या पाण्यात गुळाचा खडा, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि दालचिनीची एक साल. (सालीचा उपयोग वासापुरताच झाला, चवीत काही उतरलं नाही. पुढच्या वेळी नाही घालणार.) सोड्यानं साल जास्त तांबूस होते. एका वेळी तीन, दर बाजूला ४५ सेकंद. वर भोपळ्याच्या सोललेल्या बिया आणि थोडे तीळ, ओले असतानाच.

तवा चाळीस मिनिटं तापवलेला. २२५ अंश, अठरा मिनिटं.

तळ तांबूस, वाजवला तर पोकळ आवाज. साल माडाच्या गुळाच्या रंगाची, तिच्यावर बारीक फोड. आत भोपळ्याचा पिवळा रंग. पहिला वास जायफळाचा, मग भोपळ्याचा गोडवा, दालचिनी अगदी शेवटी घशाशी. सासूबाईंनी पूर्ण खाल्ला, पाणी मागितलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे नरकासुर जळाला, कारीट फोडून अभ्यंगस्नान, मग फोव (पोहे). गूळ-खोबऱ्याचे, ताकातले, बटाट्याचे. आज बेगल नाही. चक्का टांगून ठेवला तेवढाच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

कालच्या रात्रीची कडी आज सकाळी उकळून भाजली. घाणा दुहेरी, सोळा. एकाचा सांधा उकळीत सुटला, बाकी पंधरा नीट.

दादाला ओवाळून झाल्यावर भाचीपुढे ताट ठेवलं. आडवा कापून, शेकून, वर चक्का. त्यात मीठ आणि जरासा माडाचा गूळ. तिकडे क्रीम चीज लावतात. चक्का आंबट आहे, भोपळ्याच्या गोडव्याला मला तोच जास्त शोभला.

तिनं आधी वास घेतला. मग कोरडाच तुकडा तोडला, ओढून, चक्का न लावता. बराच वेळ चावत राहिली.

"आत्या, हा तिकडच्यासारखा नाही."

"मग?"

"तिकडे डोळे मिटून खाल्ला तर दालचिनीच. हा डोळे मिटून खाल्ला तर कोजागरी."

मी तिला कोजागरीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

तिचं एक म्हणणं आहे आणि ते खरं आहे. आतून अजून किंचित मऊ, चिवटपणा आणखी चालेल. भोपळ्याचा गर जाळं सैल करतो. पुढच्या घाण्यात गर १२० ग्रॅमवर आणायचा, पाणी १८० करायचं, ग्लूटेन २५. उकळीचा वेळ दर बाजूला एक मिनिट.

सहा बेगल तिनं मुंबईला मैत्रिणींसाठी बांधून घेतले. तीन पोदेरबाबांकडे पाठवले. उरलेल्यांतले दोन आडवे कापून फ्रीझरमध्ये ठेवलेत, आणि एकाचे काप करून काकणासारखे वाळवायला सासूबाईंनी सांगितलंय, संध्याकाळच्या चहाला.